रोजी, श्रम आणि कनाअत



फजरची नमाज झाली की मशिदीच्या पायऱ्यांवरून माणसे निरनिराळ्या दिशांना पांगतात. कोणी फळांच्या लिलावासाठी मार्केट यार्डाकडे निघतो, कोणी शाळेच्या मुलांची रिक्षा काढतो, कोणी पहिल्या पाळीची बस गाठतो. कोणी रात्रपाळी संपवून थेट नमाजसाठी आलेला असतो आणि आता झोपण्यासाठी घरी परततो. त्याच वेळी घरोघरी आपल्या भगिनी डबे भरत असतात. ते काम उरकल्यावर कोणी शिलाई मशीनवर बसते, कोणी विडीचे सूप मांडीवर घेते, कोणी अंगणवाडीत किंवा रुग्णालयात कामावर हजर होते. पाच मिनिटांपूर्वी एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसे अशी शंभर वाटांनी जातात.

काही महिन्यांपूर्वी इशाच्या नमाजनंतर एक तरुण माझ्याजवळ थांबला. त्याचे वडील पिंजारी; गाद्या आणि रजया भरून त्यांनी मुलाला डिप्लोमापर्यंत शिकवले. मुलगा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. तो म्हणाला, "हजरत, मशिदीत असतो तोवर मी माणूस असतो. कंपनीच्या फाटकातून आत गेलो की फक्त टोकन नंबर उरतो. तीन वर्षे झाली, कायम करत नाहीत. घरी सगळे म्हणतात, कनाअत कर. कनाअत म्हणजे असेच पडून राहायचे का?"

मी त्याला सब्र करण्यास सांगितले. तो 'जी' म्हणाला आणि निघून गेला. घरी पोहोचेपर्यंत मला जाणवले की मी त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिलेच नव्हते. फक्त त्याला गप्प केले होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई होय.

प्रयत्न अनेक, वाटा दोन

पवित्र कुरआनच्या सूरह अल-लैलमध्ये अल्लाह तआला रात्रीची, दिवसाची आणि नर-मादी निर्माण करणाऱ्या आपल्या सत्तेची शपथ घेतो आणि मग सांगतो की माणसांची धडपड एकसारखी नाही, ती परस्परांहून वेगळी आहे. हे वाचताना आपल्याला वाटते की आता व्यवसायांची यादी येईल: शेतकरी, व्यापारी, कारागीर, चाकर. प्रत्यक्षात पुढील आयतींमध्ये दोनच प्रकार सांगितले आहेत. एक तो, जो देतो, अल्लाहचे भय बाळगतो आणि भल्या गोष्टीला सत्य मानतो. त्याच्यासाठी सुकर वाट आणखी सुकर केली जाते. दुसरा तो, जो हात आखडतो, स्वतःला कोणाचीच गरज नाही असे समजतो आणि भल्या गोष्टीला खोटे ठरवतो. त्याची पावले बिकट वाटेकडे वळवली जातात.

याचा अर्थ असा की अल्लाहच्या दरबारी माणसांची वर्गवारी धंद्यावरून होत नाही. प्रत्येक धंद्यात हे दोन्ही प्रकारचे लोक आहेत. मोठ्या हुद्द्यावरचा अधिकारी दुसऱ्या प्रकारात असू शकतो आणि हमाल पहिल्या प्रकारात. कामातील समाधानाचा विचार येथून सुरू करावा लागतो. 'माझे काम कोणते' हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु 'त्या कामात मी कोण आहे' हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे.

प्रेषितांचे हात

काम हलके असते, ही समजूत इस्लामची नाही. हजरत नूह (अलै.) यांनी लाकडे जोडून नौका बांधली. सूरह हूदमध्ये उल्लेख आहे की त्यांच्या कौमचे सरदार जवळून जाताना त्यांची थट्टा करत. हजरत दाऊद (अलै.) राजा होते, तरी त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले आणि चिलखते कशी करावीत हे त्यांना शिकवले गेले. सूरह सबामध्ये तर त्यांना कड्यांचे माप नीट साधण्याची आज्ञा आहे. विचार करा, ग्रंथ अल्लाहचा आणि त्यात कारागिराला कडी नीट जोडण्याची ताकीद! काम नेटके करणे हा धर्माचाच भाग आहे, याला आणखी कोणता पुरावा हवा?

सहीह बुखारीतील हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सांगितले की स्वतःच्या हाताच्या कमाईपेक्षा उत्तम अन्न कोणी खाल्ले नाही आणि हजरत दाऊद (अलै.) स्वतःच्या हाताच्या कमाईतूनच खात असत. त्याच ग्रंथात असेही आहे की प्रत्येक प्रेषिताने शेळ्या-मेंढ्या राखल्या. सहाबांनी विचारले, तेव्हा आपणही काही किरातांच्या मोबदल्यात मक्कावासीयांची मेंढरे राखत होतो, असे प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले. साऱ्या विश्वासाठी रहमत म्हणून पाठवल्या गेलेल्या व्यक्तीने आपल्या मजुरीचा उल्लेख संकोच न करता केला.

मशीद झाडणाऱ्या एका व्यक्तीची हकिकत आपण सर्वांनी ऐकलेली असेल. ती व्यक्ती वारली, तेव्हा लोकांना ती बाब किरकोळ वाटली आणि प्रेषितांना (सल्ल.) कोणी कळवले नाही. काही दिवसांनी त्यांनी चौकशी केली, आपल्याला का सांगितले नाही असे विचारले आणि कबरीवर जाऊन नमाज अदा केली. लोकांना किरकोळ वाटलेली ती व्यक्ती प्रेषितांच्या (सल्ल.) नजरेतून सुटली नव्हती. ज्या तरुणाला आपण केवळ टोकन नंबर आहोत असे वाटते, त्याने ही हदीस हृदयाशी धरावी.

आपली आडनावे काय सांगतात?

पश्चिम महाराष्ट्रातील मुस्लिम वस्तीत घरांवरील पाट्या वाचत गेले तर श्रमाचा इतिहास समोर उभा राहतो. बागवान, तांबोळी, अत्तार, मणेर, पिंजारी, शिकलगार, मोमीन, मुलाणी. कोणी फळे विकली, कोणी विड्याची पाने, कोणी सुगंध, कोणी बांगड्या; कोणी कापूस पिंजला, कोणी शस्त्रांना धार लावली, कोणी कापड विणले. मुलाणी तर गावगाड्यातील बलुतेदार. आपल्या पूर्वजांनी आपला धंदा नावाबरोबर लावला, कारण त्यात त्यांना लाज वाटली नाही.

उम्मतच्या महान विद्वानांचेही तसेच आहे. वक्फच्या कायद्यावर ज्यांचा ग्रंथ आजही आधार मानला जातो, ते हनफी फकीह इमाम खस्साफ (रह.) जोडे दुरुस्त करून पोट भरत, 'खस्साफ' या शब्दातच तो धंदा आहे. मर्व येथील इमाम कफ्फाल (रह.) कुलुपे बनवत आणि वयाच्या तिशीत ते विद्येकडे वळले. बुखाराचे शम्सुल-अइम्मा हलवानी (रह.) यांचे वडील हलवा विकत. स्वतः इमाम अबू हनीफा (रह.) कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते. मदरशात या विभूतींची नावे आम्ही अदबीने घेत होतो; त्या नावांमध्ये चांभाराची आरी, लोहाराची कानस आणि हलवायाची कढई आहे, हे मात्र पुष्कळ उशिरा ध्यानात आले.

आणि आज? लग्नाची बोलणी चालू झाली की पहिला प्रश्न येतो, "मुलगा काय करतो?" गॅरेज चालवतो म्हटले की चेहरे उतरतात, साहेब आहे म्हटले की मग तो नमाजी आहे का, हेही विचारायचे राहून जाते. सूरह अल-हुजुरातने प्रतिष्ठेची कसोटी तकवा ही ठरवली आहे. आपण ती बदलून पगारपत्रक केली आणि मग आपलीच मुले आपल्या बापाच्या धंद्याला लाजू लागली, तर दोष केवळ मुलांचा नाही.

प्रत्येक धंदा ही एक जबाबदारी

इमाम अबू हनीफा (रह.) यांचे शिष्य इमाम मुहम्मद शैबानी (रह.), ज्यांचे निधन हिजरी 189 मध्ये झाले, यांनी उपजीविकेवर स्वतंत्र ग्रंथ रचला. त्यात कमाईचे चार मार्ग सांगितले आहेत: मोबदल्यावर केलेले काम, व्यापार, शेती आणि कारागिरी. आजच्या नोकरीपासून मोबाइल दुरुस्तीपर्यंत सारे व्यवसाय या चारांत कोठे ना कोठे बसतात. इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये कमाईच्या शिष्टाचारांवर एक पूर्ण प्रकरण लिहिले. त्यांचे सांगणे असे की बाजाराकडे निघताना माणसाने फर्जे-किफाया पार पाडण्याची नियत करावी. कारण सारे धंदे बंद पडले तर लोकांचे जगणेच अशक्य होईल.

फर्जे-किफाया म्हणजे समाजावरील असे कर्तव्य, जे काहींनी पार पाडले तर सर्वांची जबाबदारी उतरते आणि कोणीच केले नाही तर सर्व गुन्हेगार ठरतात. जनाजाची नमाज हे त्याचे परिचित उदाहरण. रुग्णवाहिका चालवणारा, विजेच्या खांबावर चढणारा, गटार साफ करणारा, भाकरी भाजणारी आणि कपडे शिवणारी ही माणसे साऱ्या वस्तीच्या वतीने एक कर्तव्य पार पाडत आहेत. आपला श्रम कोणाच्या तरी उपयोगी पडतो, ही जाणीव ठेवून सकाळी केलेली एक साधी नियत आठ तासांच्या कष्टाला इबादतचा दर्जा देते. अर्थात, काम हलाल असावे ही पहिली अट आहे. मापात मारणाऱ्यांना सूरह अल-मुतफ्फिफीनने सर्वनाशाची चेतावणी दिली आहे. हे माप केवळ तराजूचे नाही. पूर्ण पगार घेऊन अर्धे काम करणे हेसुद्धा मापात मारणेच आहे. अशा कमाईत मनाला शांती लाभत नाही, आणि लाभली तर ती अधिकच भयावह.

कनाअत म्हणजे काय, आणि काय नाही

आता त्या तरुणाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ.

प्रेषितांनी (सल्ल.) फरमावले की श्रीमंती मालमत्तेच्या विपुलतेत नसून मनाच्या श्रीमंतीत आहे. सहीह मुस्लिममध्ये आहे की ज्याने इस्लाम स्वीकारला, ज्याला गरजेपुरती रोजी मिळाली आणि अल्लाहने दिलेल्यावर ज्याला तृप्ती लाभली, तो सफल झाला. यावरून दिसते की कनाअत ही मनाची अवस्था आहे. हात थांबवण्याशी तिचा संबंध नाही. तवक्कुलचे उदाहरण देताना प्रेषितांनी (सल्ल.) पक्ष्यांचा दाखला दिला, ते पक्षी सकाळी रिकाम्या पोटी घरट्याबाहेर पडतात आणि सायंकाळी भरल्या पोटी परततात. घरट्यात बसून राहणाऱ्या पक्ष्याचा दाखला त्यांनी दिला नाही.

अधिक योग्य कामाची इच्छा धरणे कनाअतच्या विरुद्ध आहे का? हजरत यूसुफ (अलै.) यांनी मिसरच्या बादशहाकडे देशाच्या भांडारांची जबाबदारी स्वतः होऊन मागितली आणि आपण राखणदार व जाणकार आहोत, ही आपली पात्रताही सांगितली. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मदीनेत रिकाम्या हाताने आले. अन्सारी बंधू हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी अर्धी मालमत्ता देऊ केली, तेव्हा त्यांनी दुआ देऊन ती नाकारली आणि बाजाराचा रस्ता विचारला. पनीर आणि तूप विकून त्यांनी सुरुवात केली. मिळालेल्यावर मन तृप्त आणि पुढच्या पावलासाठी हात सज्ज, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात.

आणि आपला हक्क मागणे? येथे हजरत खब्बाब बिन अरत (रजि.) यांची हकिकत सांगितलीच पाहिजे. ते मक्केत लोहारकाम करत. आस बिन वाइल या धनाढ्य कुरैशी सरदाराकडे त्यांच्या कामाचे पैसे येणे होते. ते मागण्यास गेले असता तो म्हणाला की मुहम्मद (सल्ल.) यांना नाकारल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत. हजरत खब्बाब (रजि.) यांनी उत्तर दिले की तू मरून पुन्हा उठवला जाशील तोवरही मी असे करणार नाही. त्यावर तो उपहासाने म्हणाला की मग तेथेच मला संपत्ती मिळेल आणि तेथेच तुझे देणे फेडीन. सूरह मरयमच्या आयती या प्रसंगी अवतरल्या आणि त्या सरदाराच्या गर्वाचा त्यांत समाचार घेतला गेला.

या प्रसंगातून दोन धडे मिळतात. हजरत खब्बाब (रजि.) आपली मजुरी मागण्यास गेले; सब्रच्या नावाखाली ते घरी बसले नाहीत. परंतु मजुरीसाठी ईमान विकण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी मजुरीवर पाणी सोडले. कनाअतची सीमारेषा येथे आहे. हक्क मागावा, संघटितपणे व कायदेशीर मार्गाने मागावा, लेखी मागावा. मात्र त्यासाठी खोटे बोलू नये, कामात दगाबाजी करू नये आणि आपली किंमत त्या पगाराएवढीच आहे असे मानू नये.

मालकांसाठी दोन शब्द

आपल्यापैकी काही जण दुकानांचे, मागांचे, कारखान्यांचे मालक आहेत. काही मशिदींचे व मदरशांचे विश्वस्त आहेत. त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सब्र ही स्वतःला देण्याची शिकवण आहे. दुसऱ्याचा हक्क बुडवून त्याला पाजण्याचे ते औषध नव्हे. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही इब्न माजामधील हदीस आपण जलशांमध्ये ऐकवतो. काम पुरेपूर करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल, ही बुखारीतील हदीस मात्र क्वचित ऐकवतो.

मदयनच्या त्या वृद्ध गृहस्थांचा आदर्श पाहा. सूरह अल-कससमध्ये आहे की हजरत मूसा (अलै.) यांना कामावर ठेवताना त्यांनी मुदत आधी सांगितली: आठ वर्षे, आणि दहा पूर्ण केली तर ती मूसांची (अलै.) मर्जी. आपल्याला त्यांच्यावर भार टाकायचा नाही, असेही ते म्हणाले. स्पष्ट करार, ठरलेली मुदत आणि कष्ट न देण्याचे वचन. कामगाराला तीन-तीन वर्षे अधांतरी ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे आयुष्यात एकदा तरी समजून वाचावे.

तृप्तीचे अभ्यास

कनाअत एका दिवसात येत नाही. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी प्रेषितांकडे (सल्ल.) मागितले, मिळाले, पुन्हा मागितले, पुन्हा मिळाले. मग प्रेषितांनी (सल्ल.) समजावले की धन हिरवेगार आणि गोड असते, जो हाव धरून घेतो त्याला त्यात बरकत मिळत नाही, तो खातो पण त्याचे पोट भरत नाही. तेव्हापासून त्यांनी कोणाकडून काही घेतले नाही. पुढे खलीफांनी देऊ केलेला वाटाही नाकारला. मनाला असे वळण लावावे लागते. त्यासाठी चार गोष्टी सुचवतो.

पहिली, घरातून निघताना नियत: मी हलाल रोजीसाठी, माझ्या माणसांच्या हक्कासाठी आणि लोकांच्या उपयोगासाठी निघालो आहे.

दुसरी, नजरेची राखण. सूरह ताहामध्ये इतरांना दिलेल्या ऐहिक शोभेकडे डोळे लावण्यास मनाई आहे, आणि हदीसमध्ये आपल्याहून खालच्या स्थितीतील माणसाकडे पाहण्याचा उपदेश आहे. रात्री झोपण्यापूर्वी मोबाइलवर इतरांची घरे, गाड्या आणि सहली पाहत राहणे म्हणजे या दोन्ही शिकवणींच्या उलट वागणे. हे मी दुरून सांगत नाही. मीही मानधनावर जगणारा माणूस आहे. आखाती देशांत गेलेल्या माझ्या सहाध्यायांची छायाचित्रे पाहून महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात माझेही मन कडू झाले आहे. फोन बाजूला ठेवून दोन रकअत पढल्यावर तो कडवटपणा ओसरतो, हाही माझा अनुभव आहे.

तिसरी, कमाईतून थोडे का होईना, देणे. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतःच्या हाताने काम करत आणि त्यातून सदका देत. ज्या हातातून दहा रुपये बाहेर जातात, त्या हाताला आपण अगदीच रिकामे आहोत असे वाटत नाही. सूरह अल-लैलनेही पहिल्या प्रकारच्या माणसाची पहिली खूण 'देणे' हीच सांगितली आहे.

चौथी, कामाबाहेरचे आयुष्य जपणे. हजरत उमर (रजि.) आणि त्यांचे अन्सारी शेजारी यांनी पाळी ठरवली होती: एक दिवस एकाने प्रेषितांच्या (सल्ल.) मजलिसमध्ये जायचे, दुसऱ्याने कामधंदा पाहायचा आणि सायंकाळी ऐकलेले सांगायचे. रोजीसाठी विद्या सुटली नाही आणि विद्येसाठी रोजी. आपल्यालाही आठवड्यातून एक तास शिकण्यासाठी आणि एक तास मुलांसाठी काढता येईल.

रात्रपाळी करणाऱ्यांसाठी एक दिलासा सांगून थांबतो. सूरह अर-रूममध्ये अल्लाहने आपल्या निशाण्या मोजताना माणसांची झोप आणि रोजीचा शोध या दोहोंचा उल्लेख केला आहे, आणि तेथे झोपेबरोबर रात्र व दिवस दोन्ही आले आहेत. जग जागे असताना थकून झोपणाऱ्या माणसाची झोपही त्या निशाण्यांत मोजली गेली आहे.

तो तरुण अलीकडे पुन्हा भेटला. कंपनीत अजून कायम झालेला नाही. सहकाऱ्यांसह त्याने लेखी अर्ज दिला आहे आणि सुटीच्या दिवशी तो नवे यंत्र शिकतो आहे. या खेपेस मी त्याला हजरत मूसा (अलै.) यांची गोष्ट सांगितली. परक्या गावात, उपाशीपोटी त्यांनी दोन अनोळखी भगिनींच्या जनावरांना पाणी पाजले, काहीच मागितले नाही, आणि सावलीत बसून अल्लाहला विनवले की तू जे काही भले माझ्याकडे पाठवशील, त्याचा मी गरजू आहे. काम आधी, दुआ नंतर, आणि मागणे फक्त त्याच्याकडे. काम, आश्रय आणि घर या तिन्ही गोष्टी त्यांना त्यानंतर लाभल्या.

अल्लाह तआला आपल्या सर्वांना हलाल रोजी, तिच्यात बरकत, हक्क मागण्याचे धैर्य, हक्क देण्याची दानत आणि मिळाले त्यावर तृप्त होणारे मन प्रदान करो. आमीन.